नवस त्यांचा, गुडघा माझा

मला नेमकं काय झालंय हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे, एक मी सोडून. लिफ्टमध्ये शिरले की लोक माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, कमरेकडे बघतात. "बसता येतं का आता नीट?" हा प्रश्न एका सभ्य बाईला भाजीच्या गाडीपाशी विचारायचा असतो का? पण विचारतात. मी शरणपूर रोडवरच्या एका सहकारी बँकेत कॅश सांभाळते. तिथं लोक मला मॅडम म्हणतात. आणि इथं पाथर्डी फाट्याला सोसायटीच्या ग्रुपवर, गुड मॉर्निंगच्या फुलांच्या खाली, 'स्नेहलताईंच्या माकडहाडाला लवकर आराम पडो' असा मेसेज येतो. त्याला वीसबावीस जणांनी हात जोडले होते. एकानं चुकून टाळ्या वाजवल्या होत्या. ती चूकच होती असं मी धरून चालले आहे.

तर हे माकडहाड. हे शरीरात असतं हे मला शाळेत शिकवलं होतं, पण त्याचा असा परिचय होईल असं वाटलं नव्हतं. मी बर्फावर पडले. नाशकात बर्फ कुठला, असं विचारू नका, बँकेतल्या साहेबांनी विचारून झालंय. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत असताना 'बर्फावरून पाय घसरल्याने' असं कारण रजेच्या अर्जात दिसलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसून घेतला आणि म्हणाले, "मॅडम, खरं कारण लिहा. आम्ही समजून घेऊ."

खरं कारण तेच होतं. माझा चुलतदीर दिनेश, त्याचं पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं कोल्ड स्टोअरेज आहे. द्राक्षाचा माल गेला की त्याची चेंबर्स रिकामी पडतात. शहाणा माणूस अशा वेळी चेंबर भाड्यानं देतो. दिनेशनं एका चेंबरमध्ये जाड ताडपत्री अंथरली, थराथरानं पाणी सोडलं, यंत्र चालू केलं आणि हायवेला दिसेल असा बोर्ड लावला: 'बर्फावर घसरण्याची उत्तम सोय'. मंडळी आली, घसरली आणि परत फिरकली नाहीत. मी परत गेले. दिनेश म्हणाला, "वहिनी, तुम्ही आल्या म्हणून चालू ठेवतो." आता हे कौतुक होतं की तक्रार, ते मला अजून कळलेलं नाही.

शिकवायला निफाडची निकिता. लहानपणापासून चाकांच्या स्केट्सवर वाढलेली, मग हिमाचलात जाऊन बर्फावरचं शिकून आलेली. हे शर्यतीचं स्केटिंग नव्हे. याला फिगर स्केटिंग म्हणतात. यात कुठं पोचायचं नसतं. पात्याच्या एका कडेवर तोल धरून वळणं घ्यायची, गिरकी मारायची, एक पाय मागं उचलून पक्ष्यासारखं सरकत जायचं. निकितानं पहिल्याच दिवशी मला 'काकू' म्हटलं आणि ते मी मनाला लावून घेतलं. नसतं घेतलं तर कदाचित पुढचं काहीच झालं नसतं.

पण खरं सांगते, मला ते भारी आवडायला लागलं. बँकेत नवं सॉफ्टवेअर आलं की मी गोंधळते. घरी कोण कशावरून रुसलंय यात गोंधळते. मोबाईलवर आलेला आकडा कोणत्या खिडकीत भरायचा यात तर मी दर वेळी गोंधळते. पण उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर उभी राहिले की डोक्यात एकच विचार राहतो, पडायचं नाही. इतका स्वच्छ विचार मला घरात कधी सुचलेला नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी एखादी गोष्ट आपल्याला इतकी हवीशी वाटावी याची मला स्वतःलाच लाज वाटायची, आणि लाज वाटूनही रविवारी पहाटे मी गाडी काढून ओझरच्या पुढं गेलेली असायचे.

आणि तरी पडले. मागं मागं सरकताना. निकिता लांबून ओरडत होती, "काकू, गुडघे वाकवा," आणि मी 'काकू' या शब्दावर विचार करत होते.

घरी आणल्यावर मला पालथं घातलं गेलं आणि त्या अवस्थेत माझ्या भोवती सभा भरली. शेजारचे सावळीरामकाका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांनी माझी पाठ लांबूनच पाहिली आणि सांगितलं, "काही नाही, बुश गेलंय. गाडी उभी ठेवायची नाही, चालती ठेवायची." त्यांच्या बायको वत्सलाकाकू म्हणाल्या, अजिबात हलवू नका, वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेक द्या. फिजिओबाईंनी फोनवर सांगितलं, शेक बिलकुल नको, आधी बर्फ लावा. हे ऐकून माझ्या सासूबाई, चतुराबाई, डोळे मोठे करून म्हणाल्या, "आगं, ज्यानं मारलं त्यालाच परत लावायचं?" शेवटी लोकशाही मार्गानं डाव्या बाजूला वीट आणि उजव्या बाजूला बर्फ असं ठरलं. मधल्या मधे माकडहाड होतं, ते तसंच राहिलं.

माझे यजमान महेश ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. ते भांडत नाहीत, निष्कर्ष काढतात. मी पालथी असतानाच त्यांनी निष्कर्ष काढला. "स्नेहल, डिसेंबरात दिनेश गावाला बोलावून स्केटिंगचं प्रात्यक्षिक ठेवणार आहे. तुला त्यात एक मिनिट स्केटिंग करायचंय, मला माहीत आहे. तोपर्यंत चालू दे. पण आता इथून पुढं बर्फावर पडून पुन्हा अंथरूण धरलंस, तर बूट कायमचे माळ्यावर. मान्य?" उशीत तोंड असलेल्या बाईनं काय म्हणायचं? मी 'हूं' म्हटलं. वत्सलाकाकूंनी साक्षीदार म्हणून मान हलवली, आणि संध्याकाळपर्यंत अट सगळ्या इमारतीला पाठ झाली.

म्हणजे आता मला दुखापत होऊन चालणार नव्हतं. एवढं एक सूत्र मी पक्कं धरलं. बाकी सगळं सैल होतं.

निकितानं सांगितलं, आधी पडायला शिका. इतकी वर्षं मी न शिकता पडत आले होते. पण पडण्याचंही शास्त्र असतं म्हणे. तोल जातोय असं वाटलं की गुडघे वाकवून खाली बसायचं, बाजूच्या मांसल भागावर पडायचं, हनुवटी छातीला, मुठी बंद आणि पोटाशी, म्हणजे हात टेकून मनगट मोडत नाही आणि बोटांवरून कुणाचं पातं जात नाही. मी घरी गादीवर सराव सुरू केला. फिजिओबाईंनी त्यात भर घातली. दात घासताना एका पायावर उभं राहा, रोज पोटऱ्या ताणा, बर्फावर जाण्याआधी अंग गरम करा. मी बँकेत काउंटरमागं एका पायावर उभी राहायला लागले. एका पेन्शनर आजोबांनी शेजारच्या खिडकीत चौकशी केली की या बाईंना काही शिक्षा झाली आहे का.

हे सगळं नीट चाललं होतं. माकडहाड बरं झालं. मी खुर्चीवर उशीशिवाय बसले त्या दिवशी सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली आणि सांगितलं, "बरं झालं बाई. आता गडावर जावं लागंल. म्या नवस बोलले व्हते."

मला वाटलं, ओटी भरायची असेल. मी म्हटलं, जाऊ की.

"तसं नाय. माझ्या सुनंचं हाड बरं होऊ दे, ती पायऱ्या चढून तुझ्या दर्शनाला येईल, आसं बोलले."

सप्तशृंगीचा गड ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय सांगू? वरपर्यंत आता ट्रॉली जाते. सासूबाईंचे स्वतःचे दोन्ही गुडघे झिजलेले, डॉक्टरांनी त्यांना जिन्याकडं बघायलाही मनाई केलेली, त्या कैक वर्षं पायऱ्यांच्या वाटेला गेलेल्या नाहीत. नवस मात्र पायऱ्यांचा, आणि पाय माझे. मी महेशकडं बघितलं. महेश वर्तमानपत्राकडं बघत होते. "आई, माझ्या नावानं बोललात तर मला विचारायचं तरी," मी म्हटलं. त्यावर त्या खरंच गोंधळल्या. "तुला काय विचारायचं त्यात? दुखणं तुझं. मंग मी माझ्या नावानं बोलले आसते तर देवीनं कुणाला बरं केलं आसतं?" हा युक्तिवाद मी आजवर अनेकदा तपासून पाहिला आहे. त्यात चूक कुठं आहे ते मला सापडत नाही, पण आहे नक्की.

फिजिओबाई म्हणाल्या, पायऱ्या नकोत. सावळीरामकाका म्हणाले, चढ चांगला, उतार वाईट, घाटात ब्रेकच जातात. वत्सलाकाकू म्हणाल्या, देवीचं उधार ठेवू नये. आम्ही गेलो. सासूबाई ट्रॉलीनं वर गेल्या आणि मी पायऱ्यांनी. चढले, दर्शन घेतलं, छान वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि नवस पुरा व्हावा म्हणून उतरलेही पायऱ्यांनीच, कारण उतरण्याबद्दल काय बोललं गेलंय याची कुणालाच खात्री नव्हती. खाली पोचेपर्यंत डावा गुडघा भोपळ्याएवढा झाला होता.

सासूबाई खाली माझी वाट पाहत होत्या. माझं लंगडणं पाहून त्यांचा जीव कळवळला. त्यांनी तिथल्या तिथं वर शिखराकडं तोंड केलं, हात जोडले आणि मी त्यांच्यापाशी पोचायच्या आत म्हणून मोकळ्या झाल्या, "आई सप्तशृंगे, माझ्या लेकराचा गुडघा बरा होऊ दे. ती परत येऊन पायऱ्या चढंल."

मी खालीच बसले.

घरी आल्यावर प्रश्न उभा राहिला की हा गुडघा कोणत्या खात्यात टाकायचा. वत्सलाकाकूंचं म्हणणं, दुखापत ती दुखापत, अट मोडली, बूट माळ्यावर. सावळीरामकाकांचं म्हणणं, मूळ बिघाड माकडहाडाचा, त्याच्यापायी नवस, नवसापायी गुडघा, म्हणजे मूळ केस बर्फाचीच. महेशनी चहा संपेपर्यंत विचार केला आणि निकाल दिला की अट बर्फावर पडण्याची होती, ही दुखापत देवस्थानाच्या मार्गावरची असल्यामुळं स्केटिंगमध्ये धरता येणार नाही. मी आयुष्यात त्यांच्यावर इतकं प्रेम क्वचित केलं असेल. पण जाताजाता म्हणाले, "यापुढचं मात्र धरलं जाईल."

गुडघा आठवडाभर फडक्यात बांधून ठेवला. सूज उतरली तशी मी पुन्हा बर्फावर जायला लागले, पण आता मनात भीती शिरली होती. मला संरक्षण हवं होतं. बाजारातले गुडघ्याचे पॅड एक तर पोरांच्या मापाचे, नाही तर मला त्यात हेल्मेट गुडघ्याला बांधल्यासारखं वाटायचं. आणि इथं मी माझी स्वतंत्र बुद्धी वापरली.

दिनेशच्या पॅकहाऊसमध्ये मी पाहिलं होतं की द्राक्षांच्या खोक्यात वरून एक कागदासारखी पांढरी शीट घालतात. हाताला मऊ लागते. मी विचार केला, अहो, ती द्राक्षं समुद्रापार जातात आणि एका मण्यालाही डाग पडत नाही. ज्या कागदानं द्राक्ष जपलं जातं त्यानं गुडघा का नाही जपला जाणार? कोपऱ्यात ती पाकिटं रचून ठेवली होती. एक जाडसा गठ्ठा मी पिशवीत टाकला. विचारलं नाही, कारण घरचंच. सासूबाई गोधड्या उत्तम शिवतात. त्यांनी जुन्या नऊवारीच्या तुकड्यात ती शीट घडीवर घडी घालून भरली, टाके घातले, नाडी लावली. असा देखणा पॅड तुम्हाला परदेशात मिळायचा नाही. दोन गुडघ्यांना दोन, आणि उरलेल्या कागदाचा एक पॅड माकडहाडाला. मी सज्ज झाले.

सुरुवात झकास झाली. मी घामेजले, दोनदा शास्त्रशुद्ध पडले, बर्फाचं पाणी पॅडमध्ये मुरलं. थोड्या वेळानं निकिताला ठसका लागला. मग मला. कुणी तरी दिवाळीतल्या काडेपेट्या एकदम पेटवून विझवाव्यात तसा वास यायला लागला, डोळ्यांतून पाणी. दारातून कुणीतरी ओरडलं, "गॅस लीक, गॅस लीक!" कोल्ड स्टोअरेजच्या यंत्रात अमोनिया असतो, तिथं हे दोन शब्द म्हणजे काळ. सायरन वाजला. पॅकहाऊस रिकामं, शेजारची कांद्याची शेड रिकामी, हायवेवरचे टेम्पोवाले टेम्पो सोडून रस्त्याच्या पलीकडं. मीही बूट काढून अनवाणी बाहेर पळाले आणि जमावात जाऊन उभी राहिले. गंमत अशी की मी जिथं जाईन तिथले लोक खोकायला लागायचे. मी बाजूला सरकले की वास बाजूला सरकायचा. दिनेश नाकाला रुमाल लावून माझ्याभोवती एक चक्कर मारून आला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, तुम्ही काय घातलंय?"

तो कागद म्हणजे द्राक्षं जपायचा खराच, पण मार लागू नये म्हणून नव्हे, बुरशी लागू नये म्हणून. ओल लागली की त्यातून गॅस सुटतो. खोक्यात थोडा थोडा, दर्यापार जाईस्तोवर. मी गठ्ठाच भिजवला होता. संध्याकाळी महेशनी मला त्याची पूर्ण अभिक्रिया फळ्यावर लिहावी तशी सांगितली, आनंदानं. "ओलावा आला की सल्फर डायऑक्साइड. बारावीला हेच असतं." मी म्हटलं, मला बारावीला गणित होतं.

पण आता सायरन वाजला म्हणजे सरकारी कागद झाला. तपासणीला एक साहेब आले. त्यांनी यंत्रखोली पाहिली, पाइप पाहिले, काही गळत नव्हतं. मग गळतीचं ठिकाण काय लिहायचं? तो रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणे. बराच विचार करून त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'महिला, डावा गुडघा.' मी म्हटलं, साहेब, गळती पॅडची होती, उजव्यालाही होता, आणि आणखी एके ठिकाणी होता. ते म्हणाले, "बाई, एकाच जागेचा रकाना आहे, आणि ती आणखीची जागा मी लिहू का?" मग त्यांनी हुकूम दिला की सदर गुडघ्यातून पुन्हा असा प्रकार होणार नाही याचा डॉक्टरी दाखला येईपर्यंत बर्फाचं चेंबर बंद.

प्रात्यक्षिक पुढच्या रविवारी होतं. त्यानंतर दिनेशला द्राक्षासाठी चेंबर साफ करायचं होतं, आणि तो आधीच म्हणत होता की हा उद्योग पुढच्या वर्षी करावा की नाही कळत नाही. म्हणजे हे प्रात्यक्षिक बुडालं तर माझा बर्फ संपला. मी धावत हाडांच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी हुकूम दोनदा वाचला आणि म्हणाले, "गुडघ्यातून गॅस येणार नाही, हे मी कसं लिहून देऊ? येतो हेच मी कुठं शिकलेलो नाही." मी अक्षरशः हात जोडले. तेव्हा त्यांनी लेटरहेड ओढलं आणि लिहिलं, 'डावा गुडघा तपासला. कोरडा आहे. कोणताही स्राव नाही. पूर्ण बरा आहे.'

मी आनंदात घरी आले आणि कागद टेबलावर ठेवून हात धुवायला गेले. परत येते तो महेश तो मोठ्यानं वाचत होते आणि सासूबाई ऐकत होत्या.

"पूर्ण बरा," त्या म्हणाल्या. "मंग निघायचं कधी?"

आता माझी अवस्था बघा. साहेबांसाठी गुडघा बरा हवा, देवीसाठी बरा नको. पायऱ्या चढले तर गुडघा सुजणार हे मला सूर्यप्रकाशासारखं दिसत होतं, आणि सुजला की रविवार गेला. मी म्हटलं, आई, रविवारनंतर जाऊ. त्या म्हणाल्या, "देवीला थांब म्हणून सांगू?" मी म्हटलं, हा नवस बदलून नाही का घेता येत? साडी-चोळी, सोन्याचा डोळा, काहीही देते. त्या म्हणाल्या, "बोललेला शब्द पलटत नाय, स्नेहल." आणि तेव्हा माझा तोल गेला. गादीवरचा नव्हे, खरा. मी म्हटलं, "तुम्ही बोलता आणि मी फेडते. मला एक गोष्ट आवडते या घरात, एकच, आणि तीच सगळ्यांच्या डोळ्यांत खुपते. आधी ह्यांची अट, मग तुमचा नवस. मला सरळ सांगा ना, की हे तुला शोभत नाही, घरी बस." बोलताबोलता मला रडू आलं, आणि रडताना मी एका पायावर उभी होते हे माझ्या नंतर लक्षात आलं. सवय.

सासूबाई उठून देवघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. त्यानंतरचे दिवस त्यांनी नवसाचं नावच काढलं नाही. जेवायला वाढताना माझ्याकडं बघायच्या नाहीत. मला वाटलं, फार बोलले. पण माफी मागावी तर ती कशाची, रडण्याची की बोलण्याची की पायऱ्या न चढण्याची, हे मला ठरवता येईना.

रविवारी साहेबांचा शिक्का झालेला होता, चेंबर उघडलं होतं. पिंपळगावातली माणसं स्वेटर, कानटोप्या, काही जण चक्क गोधड्या घेऊन आली होती. आमची अर्धी सोसायटी टेम्पोनं आली होती. वत्सलाकाकू प्रथमोपचाराची पिशवी घेऊनच आल्या, त्यात वीटही होती. सासूबाई पहिल्यांदाच आल्या. शाल डोक्यावरून घेऊन एका क्रेटवर बसल्या. महेश त्यांच्या शेजारी, हाताची घडी.

मी बर्फावर गेले. पुढं सरकले, वळण घेतलं, आतली कड, बाहेरची कड. मग डावा पाय मागं उचलला, हात पसरले आणि त्या गारठ्यात, ट्यूबलाइटच्या उजेडात, मी लांबच लांब सरकत गेले. कुणीतरी बोलायचं थांबलं ते मला ऐकू आलं. मी हसत होते म्हणे. मला ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे की त्या क्षणी मी कोणाचीच कोणी नव्हते.

मग पात्याच्या पुढच्या टोकाचा दाता रुतला आणि मी पडले. गुडघे वाकले, हनुवटी छातीला, मुठी पोटाशी, बाजूच्या मांसल भागावर, जसं शिकवलं तसं. धप्प आवाज झाला. सगळा जमाव 'आई गं' म्हणाला. मी पाहिलं तर क्रेटवर सासूबाईंचे हात जोडले जात होते.

"आई," मी बर्फावरून ओरडले, "नवस बोलू नका."

लोक हसले. मी एका गुडघ्यावर आले, दुसरा पाय टेकला, उठले आणि राहिलेली गिरकी मारून टाकली. वेडीवाकडी झाली, पण झाली. निकितानं मिठी मारली आणि म्हणाली, "स्नेहलताई, पडलात किती सुंदर." दिनेश सगळ्यांना सांगत सुटला की पुढच्या वर्षी दोन चेंबरं करतो. महेश दारापाशी आले, मला वरपासून खालपर्यंत तपासलं, आणि म्हणाले, "काही मोडलेलं दिसत नाही." एवढाच निकाल, पण मला पुरला.

मी कोपऱ्यात बाकावर बसले. बूट काढायला वाकणार तोच सासूबाई आल्या, माझ्यासमोर हळूच खाली बसल्या, दोन्ही गुडघे कडकड वाजले, आणि माझ्या बुटाची नाडी सोडायला लागल्या. मी पाय मागं घेतला. सासूनं सुनेच्या पायाला हात लावायचा नसतो. त्यांनी पाय धरून पुढं ओढला.

"आई, राहू द्या ना."

"गप बस. गाठ लय घट्ट मारती तू." त्यांनी मान वर केली नाही. "त्या दिवशी देवघरात गेले ना मी, तवा देवीला सांगितलं. म्हणलं, बोलले मी, चूक माझी, पाय बी माझेच घे. सुनंला मोकळी कर."

"पण शब्द पलटत नाही म्हणालात."

"पलटला नाय. वर आजून एक बोलले." नाडी सुटली. त्यांनी बूट काढून बाजूला ठेवला आणि माझं गारठलेलं पाऊल पदरात घेऊन चोळायला लागल्या. "म्हणलं, तिचं हे बर्फाचं येड बंद नको पडू देऊ. घरात आली तवाधरनं आशी हसताना पाहिली नाय मी तिला. निकिता मोबाईलवर धाडायची मला, तू सरकती ते. आता आज डोळ्यानं पाहिलं. मंग आता दोन डाव चढायचंय मला."

त्यांचे गुडघे मी पाहत होते, जमिनीवर टेकलेले. ते गुडघे गडाच्या पायऱ्या दोनदा काय, एकदाही चढणार नव्हते. मी त्यांना ओरडावं, की पाया पडावं, की पोट धरून हसावं? मी त्यांचा हात धरला.

"तुम्ही एकट्या कशा चढाल, आई?"

"एकटी कशाला? तुहा गुडघा पूर्ण बरा हाय की. डॉक्टरनं लिहून दिलंय."

"मग आधी तुम्हाला पडायला शिकवते," मी म्हटलं. "आणि उतरायचं ट्रॉलीनं."

"बघू," सासूबाई म्हणाल्या, आणि दुसरा पाय मागितला.